संस्थापकांची संख्या

तन्वी खानझोडे अकराला येणार होत्या. साडेदहालाच मी माझ्या टेबलाशेजारची दुसरी खुर्ची उचलली आणि बाहेर बुकिंगच्या खोलीत नेऊन ठेवली.

आप्पा फोनवर होते. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ही कशाला आणलीस इकडं? मग मी कुठं बसू?"

"आप्पा, आज नुसती ओळख आहे. प्रश्न विचारणार आहेत ते लोक. तुमची वापीची गाडी अडकलीय ना, तुम्ही ती बघा. लागलं तर बोलावतो मी."

"बरं," आप्पा म्हणाले आणि पुन्हा फोनला लागले.

त्या दिवशी ते न्हाव्याकडे जाऊन आले होते. नवा आकाशी शर्ट होता, कपाळावर विभूतीची बारीक रेघ होती. हे सगळं कशासाठी होतं, ते मला कळत होतं. तरी खुर्ची मी परत आत नेली नाही.

आप्पांचं पूर्ण नाव शिवलिंग तोडकर. वय तेव्हा बावन्न. मिरजेच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात सव्वीस वर्षं बुकिंग क्लार्क होते. मी सत्तावीसचा, इंजिनिअर, पुण्यातली नोकरी सोडून ट्रकसाठी ॲप करायला निघालेला. सांगली-मिरजेकडून हळद घेऊन गेलेला ट्रक येताना रिकामा येतो, त्याला परतीचा माल मिळवून द्यायचा, एवढीच माझी कल्पना होती. कोण किती भाडं देतोय, ते ड्रायव्हरला फोनवर दिसायचं. सहा महिने झाले तरी कुणी वापरेना. कुणाला तरी विचारावं म्हणून मी हिंडत हिंडत आप्पांच्या टेबलापर्यंत पोचलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा फोन हातात घेतला, दोन मिनिटं खाली-वर केला आणि म्हणाले, "तुझं यंत्र भाव दाखवतंय. ड्रायव्हरला भाव नको लेका, वेळ पाहिजे. गाडी भरायला कुठल्या गेटवर किती तास लागतात, ते दाखव."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांनी वापीला धाडलेला एक ड्रायव्हर परतीच्या मालासाठी एका कारखान्याच्या गेटवर चार दिवस अडकला आणि इकडं त्याच्या लेकीचं बारसं त्याच्याविना झालं. परत आल्यावर तो आप्पांना काही बोलला नाही, नुसता समोर बसून राहिला. पुढच्या खेपेला आप्पा रजा काढून स्वतः ट्रकच्या केबिनमध्ये बसून वापीला गेले. दोन दिवस गेटवर बसून त्यांनी वहीत लिहून काढलं, कुठला कारखाना गाडी भरायला किती तास लावतो. मग दरवर्षी एकेक गाव केलं. ती वही त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

समोरच्या टपरीवर चहा पिताना मीच म्हटलं होतं, "आप्पा, आपण दोघं मिळून करू."

"अर्धं-अर्धं?" त्यांनी हसत विचारलं.

"अर्धं-अर्धं."

ते नोकरी सोडून पुण्यात आले. निगडीला ट्रान्सपोर्टनगरात आम्ही दोन खोल्या घेतल्या, मधे प्लायवूडची फळी. कंपनीचं 'परतफेरी' हे नाव त्यांनीच सुचवलं. कंपनी रजिस्टर करताना दोन संचालक लागत होते, तेव्हा आप्पा म्हणाले, "मला आत्ता सह्याबिह्यांत गुंतवू नको, आधी चालू तरी दे." म्हणून मी माझ्या वडिलांचं नाव घातलं. आप्पांचे कागद नंतर करायचे होते. दीड वर्षात दोन हजार गाड्या आमच्याकडं आल्या, त्या आप्पांच्या शब्दावर. ड्रायव्हर ॲपमधली वेळ बघायचे आणि तरीही फोन करून विचारायचे, "आप्पा, खरं हाय का हे?"

तन्वी खानझोडे बंगळुरूच्या एका गुंतवणूक कंपनीच्या होत्या. ती कंपनी त्या वर्षी एक मोठा अभ्यास करत होती. ज्या कंपन्यांची किंमत पुढं शेकडो कोटींवर गेली त्या कुणी काढल्या, ती माणसं कशी असतात, त्यांच्यात समान असं काय असतं. नव्या कंपन्यांना भेटून तेच प्रश्न विचारायचे आणि पैसे घालायचे की नाही, तेही त्यातूनच ठरवायचं.

आदल्या दिवशी माझ्या कॉलेजचा सीनियर सौमित्र साठ्ये याचा फोन आला होता. त्याला त्यांच्याकडून पैसे मिळाले होते.

"नीट ऐक," तो म्हणाला. "ते काय शोधतात ते मला पक्कं माहीत आहे. तिशीच्या आतलं वय. इंजिनिअर. हट्टी. स्वतः मैदानात उतरून बघणारा. आणि संस्थापक एक, नाहीतर एका वर्गातले दोन. तुझे ते आप्पा काय शिकलेत?"

"बारावी."

"मिहिर, काका-पुतण्याचं दुकान वाटेल रे ते."

"पण अर्धं काम त्यांचंच आहे."

"असू दे की. कामाला कोण नको म्हणतंय? नाव कशाला?"

मी त्याला रागावलो नाही. फोन ठेवताना मी त्याचे आभार मानले.

तन्वी खानझोडे वेळेवर आल्या. पस्तिशीच्या, मूळच्या नागपूरच्या, मोकळ्या बोलणाऱ्या. मराठीत बोलायला मिळतंय याचाच त्यांना आनंद झाला होता. त्यांनी छापील कागदांचा गठ्ठा काढला. "चाळीस प्रश्न आहेत. घाबरू नका, यात पास-नापास काही नसतं. मी फक्त लिहून घेते."

वय विचारलं. शिक्षण विचारलं. वडील काय करतात, आधी काही धंदा केला होता का, तो बुडाला का. मी नीट उत्तरं देत होतो. मग त्यांनी पान उलटलं.

"संस्थापकांची संख्या?"

फळीपलीकडं आप्पा कुणाला तरी सांगत होते, "चार वाजेपर्यंत थांब म्हणावं, मी बोललोय सुपरवायझरशी."

"एक," मी म्हणालो.

त्यांनी चौकटीत एकचा आकडा लिहिला. त्याला एक क्षणही लागला नाही. मला वाटलं होतं, हे म्हणताना छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. उलट बरं वाटलं, अवघड प्रश्न संपला म्हणून.

"कल्पना कशी सुचली?"

इथं मी एका वाक्यात सुटू शकलो असतो. परतीची गाडी रिकामी येते, हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणालो असतो तर चाललं असतं. पण त्यांचं पेन थांबलं होतं, त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि सौमित्रचे शब्द माझ्या डोक्यात होते, स्वतः मैदानात उतरून बघणारा.

"एका ड्रायव्हरच्या मुलीचं बारसं होतं," मी सुरुवात केली.

सगळी गोष्ट सांगितली. चार दिवस अडकलेली गाडी सांगितली. तो ड्रायव्हर परत येऊन समोर नुसता बसून राहिला, तेही सांगितलं. "मग मी ट्रकमध्ये बसून वापीला गेलो. दोन दिवस गेटवर बसलो, वही घेऊन."

"तुम्ही स्वतः?"

"हो. कळत नव्हतं ना, नक्की वेळ कुठं जातोय ते."

"झोपलात कुठं?"

"ट्रकखाली," मी म्हणालो. आप्पा ट्रकखाली झोपले होते.

त्या भराभर लिहीत होत्या. फळीपलीकडचा फोन केव्हा बंद झाला होता, माझं लक्ष नव्हतं. ती फळी छतापर्यंत जात नव्हती. इकडची शिंक तिकडं ऐकू जायची. दीड वर्ष आम्ही त्या फळीवरूनच एकमेकांशी बोलत होतो.

जरा वेळानं आप्पा दारात आले. त्यांच्या हातात वापीच्या गाडीचा कागद होता. तन्वीताईंनी हसून मान हलवली आणि मला विचारलं, "हे कोण?"

"आमचे तोडकर," मी म्हणालो. "बुकिंग बघतात."

आप्पा उंबऱ्यातच उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. त्यांच्या हातातल्या कागदाकडं बघत राहिलो. किती वेळ गेला असेल? तीन-चार सेकंद. आजही त्या सेकंदांत ते काय काय बोलू शकले असते, याची यादी मी करत बसतो.

"नमस्कार मॅडम," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "साहेब, वापीची गाडी सुटली. कारखान्याला उत्तर पाठवायचंय, तेवढी सही पाहिजे."

दीड वर्षात त्यांनी मला अरे मिहिर, लेका, गाढवा, सगळं म्हटलं होतं. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मी सही केली. त्या कागदाला माझ्या सहीची गरज नव्हती, रोज आप्पाच करायचे ती.

ते वळणार तेवढ्यात तन्वीताई म्हणाल्या, "एक मिनिट, काका. तुम्ही किती दिवस आहात यांच्याकडे?"

"सुरुवातीपासून."

"मग तुम्हालाच विचारते. आमच्या अभ्यासात जवळच्या माणसांचं मतही घेतो आम्ही. तुमच्या साहेबांचा एखादा गुण सांगा ना. इतरांपेक्षा वेगळा."

आप्पांनी विचार केला. "ऐकून घेतात," ते म्हणाले. "एकदा ऐकलेलं विसरत नाहीत. शब्द न् शब्द ध्यानात ठेवतात."

तन्वीताईंनी तेही लिहून घेतलं. "फार महत्त्वाचा गुण आहे हा," त्या मला म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी पाण्याचे ग्लास आवरले. मग उठून बाहेर गेलो. आप्पा डबा उघडून जेवत होते. भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती. रोजच्यासारखी त्यांनी अर्धी भाकरी झाकणात माझ्यासाठी काढून ठेवली होती.

"आप्पा, त्या लोकांची एक यादी असते," मी म्हणालो. "वय वगैरे. म्हणून मला जरा…"

"कळलं मला."

"पैसे आले की पहिलं तुमचे कागद करू."

"कागदाचं राहू दे." त्यांनी घास चावून संपवला. "मला एक सांग. ती वापीची गोष्ट. ती तू माझी म्हणून सांगितलीस, का तुझी?"

त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ऐकलंय हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही दिसत असणार. ते मला एक संधी देत होते.

"तुमची म्हणूनच सांगितली," मी म्हणालो.

"बरं," आप्पा म्हणाले आणि झाकण माझ्याकडं सरकवलं. मी ती अर्धी भाकरी खाल्ली.

दोन महिन्यांनी पैसे आले. ऑफिस बाणेरला गेलं, काचेचं झालं. आप्पा रोज यायचे. नव्या मुलांना त्यांनी सगळं शिकवलं, कुठल्या गेटवरचा सुपरवायझर कसा आहे इथपर्यंत. पण त्या दिवसानंतर ते मला साहेबच म्हणायचे, आणि अहो-जाहो. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "आप्पा, इथं कोण आहे? अरे म्हणा की मला."

"नको साहेब," ते म्हणाले. "सवय मोडली तर एखाद्या दिवशी चारचौघांत तोंडातून जायचं काहीतरी. तुमची अडचण व्हायची."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो.

कागद मी केले. वकिलानं सांगितलं, आता गुंतवणूकदारांसमोर संस्थापक एकच आहे, त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्याला द्यायचे असतात तसे थोडे शेअर देता येतील. आप्पांनी तो कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

"कर्मचारी लिहिलंय इथं."

"तो नुसता शब्द आहे, आप्पा."

"हो. पण सही माझी पाहिजे ना त्याच्याखाली?"

सही त्यांनी केली नाही. महिन्याभरानं, माणसं तयार झालीत, आता माझं काम नाही, असं सांगून ते मिरजेला परत गेले. ऑफिसातल्या मुलांनी त्यांना घड्याळ दिलं. मी त्या दिवशी मुंबईला होतो. मीटिंग दुसऱ्या दिवशी ठेवता आली असती.

पुढं कंपनी वाढली. वर्तमानपत्रांत आमची किंमत छापून येऊ लागली आणि कॉलेजांत मला भाषणाला बोलावू लागले. यशस्वी संस्थापकांचे गुण, असे विषय असायचे. मी वापीची गोष्ट सांगायचो. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळली, मग तीही सरावली. ट्रकखाली झोपताना डांबराचा वास येत होता, हे मी स्वतः त्यात घातलं. एका भाषणानंतर एक मुलगी येऊन मला म्हणाली, "सर, माझे वडील ड्रायव्हर आहेत. आमच्यासाठी कुणी असं गेटवर बसलं असेल असं वाटलं नव्हतं." ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागं सरलो नाही.

आणि सहा वर्षांनी तो अभ्यास पुस्तकाच्या रूपात आला. तन्वीताईंनी मला सही करून प्रत पाठवली. मी विमानात वाचायला घेतली. तिसऱ्या प्रकरणात वयाचा तक्ता होता. वयाचा आणि कंपनीच्या किमतीचा काही संबंध आढळला नाही, असं खाली लिहिलं होतं. पन्नाशीच्या पुढं सुरुवात केलेले कितीतरी होते. शिक्षणाचं तेच. संस्थापक एक की दोन की चार, त्यानंही काही फरक पडत नव्हता. सौमित्रची यादी ही सौमित्रचीच होती. त्या लोकांनी तसं कधीच काही ठरवलेलं नव्हतं.

पुढच्या पानावर एका चौकटीत मी होतो. एकट्यानं उभी केलेली कंपनी म्हणून. खाली ट्रक, गेट, वही, सगळं होतं. शेवटी एक वाक्य होतं, की त्यांचा सर्वांत जुना कर्मचारी सांगतो, साहेब ऐकून घेतात.

मी पुस्तक मिटलं. आप्पांना बाहेर बसवलं नसतं तरी पैसे आले असते, हे त्या क्षणी समजलं आणि त्याचाच मला आधी राग आला, फुकट खोटं बोललो म्हणून. खोटं बोललो याची लाज त्यानंतर वाटली. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

त्या आठवड्यात मी वकिलाकडून नवे कागद करून घेतले. माझ्या वाट्यातला अर्धा वाटा, आणि त्यांच्या नावापुढं सहसंस्थापक. मिरजेला गेलो. फोन केला नाही, नको म्हणाले असते.

आप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून ते उठले, हात धरून बसवलं. "या या. किती वाळलाय तुम्ही. अगं, पुण्याहून साहेब आलेत." आतून महादेवीअक्कांचा, त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "आले, चहा टाकते."

आप्पांनी माझ्या मांडीवरच्या पाकिटाकडं बघितलं. "काय आणलंय?"

"कागद. तुमच्या नावाचे. ह्या वेळी बरोबर लिहिलंय." मी पाकिटावर हात ठेवला. "आप्पा, मी त्या दिवशी…"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं नजर टाकली. "नंतर," ते हळूच म्हणाले. "आधी चहा."

अक्का कप घेऊन बाहेर आल्या. मी त्यांना यापूर्वी एकदाच भेटलो होतो. त्यांनी मला चहा दिला आणि तिथंच जमिनीवर बसल्या, बरेच दिवस साठवलेलं बोलायचं असतं तशा.

"बरं झालं आलात. मला तुम्हाला एकदा विचारायचंच होतं. माहेरी सगळ्यांना सांगून बसले होते हो मी, आमचे हे पुण्यात कंपनीचे मालक झाले. आणि हे पिशवी घेऊन परत! भावजया तोंडावर हसल्या. मी ह्यांना विचारलं, असं काय झालं? तर म्हणाले, मिहिरनं फार आग्रह केला, कागदसुद्धा पुढं ठेवले, मीच नको म्हणालो, ह्या वयात झेपत नाही. सहा वर्षं झाली, ह्यावरनं भांडते मी ह्यांच्याशी. माणूस घरात आलेली लक्ष्मी अशी लाथाडतो का? तुम्हीच सांगा आता. केला होता ना तुम्ही आग्रह?"

आप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांनी मला डोळ्यांनी काही खुणावलं नाही, थांबवलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते नुसते बसले होते. पाकीट माझ्या मांडीवर होतं. अक्कांच्या तोंडाकडं बघताना मला वाटलं, आता खरं सांगितलं तर ही बाई मला या घरातून उठवेल.

"हो," मी म्हणालो. "खूप केला होता."

"बघा!" अक्का आप्पांकडं वळल्या. "ते स्वतः सांगतायत. आता तरी म्हणा, चुकलं म्हणून."

आप्पांनी मान खाली घातली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.